मराठी येतं म्हणून चिनी बोलणाऱ्यांना इंग्लिश शिकवता येतं

लोक मला विचारतात, तुला चायनीज धड बोलता येत नाही, इंग्लिश काही तुझी मातृभाषा नाही, मग गोव्यात फोंड्यात बसून तू तायवानच्या पोरांना इंग्लिश शिकवतेस तरी कशी, आणि मुळात ती तुझ्याकडे येतात कशाला, त्यांना अमेरिकन टीचर मिळत नाहीत का. मिळतात की. ढिगाने मिळतात. पण माझं आता ठाम मत झालंय की ग्रामर आणि रीडिंग कॉम्प्रिहेन्शन या दोन गोष्टींसाठी चिनी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला मराठी माणूस जास्त कामाचा. हे मी आपलं दुकान चालावं म्हणून बोलत नाहीय (थोडं त्यासाठीपण बोलतेय), त्याला कारणं आहेत, ती आज जरा सविस्तर लिहिते.

आधी हे सुरू कसं झालं ते पटकन. माझी एक मावसबहीण नवऱ्याच्या नोकरीमुळे शिनचूला गेली. शिनचू म्हणजे तायवानमधलं चिप बनवणाऱ्यांचं शहर, १९८० साली तिथं सरकारने सायन्स पार्क काढला तेव्हापासून इंजिनियर लोकांची वस्ती. तिच्या शेजारणीच्या मुलीला इंग्लिशची प्रॅक्टिस पाहिजे होती आणि मी इथे हायर सेकंडरीला इंग्लिशच शिकवत होते, मग एकीचं ऐकून दुसरी, दुसरीचं ऐकून तिसरी असं वाढत गेलं. मध्ये एका ऑनलाईन कंपनीतही अर्ज करून पाहिला, तिथं पासपोर्ट कुठल्या देशाचा या प्रश्नाखाली निवडायला मोजकेच देश होते आणि आपला त्यात नव्हताच, म्हणजे इंग्लिश येतं का हे विचारायच्या आधीच मी बाहेर. असो. खुद्द चीनमधली शाळेतली मुलं माझ्याकडे नाहीत, कारण जुलै २०२१मध्ये तिथल्या सरकारने शालेय विषयांच्या नफ्यावर चालणाऱ्या ट्युशनवर बंदी आणली आणि परदेशात बसलेल्या शिक्षकांकडून मुलांनी ऑनलाईन शिकणंही त्यातच गेलं. तिथली एक नर्स मात्र आहे, चेंगडूची, तिला आयेल्ट्स ही इंग्लिशची परीक्षा द्यायचीय. बाकी सगळी तायवानची.

वेळ आपल्याला सोयीची पडते. तायवान आपल्या अडीच तास पुढे, म्हणजे माझ्याकडे संध्याकाळचे साडेपाच, बाहेर पोदेर (पाववाला) हॉर्न वाजवत जातोय, आणि तिकडे रात्रीचे आठ. पोरं तोवर पार थकलेली असतात. दिवसभर शाळा, मग बूशीबान म्हणजे तिथले ट्युशन क्लास (ताइपेच्या मेन स्टेशनजवळ नानयांग नावाचा अख्खा रस्ताच या क्लासेसचा म्हणून प्रसिद्ध आहे), आणि वर मी. एक गंमत म्हणजे ती मला नावाने किंवा मिस वगैरे न म्हणता नुसतं ‘टीचर’ म्हणून हाक मारतात, जशी आपल्या गोव्यातली पोरं मारतात, ‘टीचर, टीचर, कळलं नाही’. अमेरिकन लोकांना ते विचित्र वाटतं म्हणे. मला तर घरच्यासारखं वाटलं.

आता मुद्द्यावर येते.

चिनी भाषेत क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही. जा म्हणजे जा, काल जा, आज जा, उद्या जा, सगळीकडे एकच रूप. काल असं एकदा म्हटलं की काम झालं. त्यामुळे मुलं ‘यस्टरडे आय गो’ लिहितात आणि लाल पेन फिरवल्यावर वर तोंड करून विचारतात की टीचर, यस्टरडे लिहिलंय ना, मग परत गोचं वेंट कशाला करायचं, दोनदा तेच सांगून काय मिळतं. उत्तर द्या बघू. तर्काने पाहिलं तर पोरीचं बरोबर आहे, आणि इथे ‘नियम आहे म्हणून’ असं म्हटलं की ती मान हलवते आणि पुढच्या पॅराग्राफमध्ये परत ‘आय गो’ लिहिते.

पण चिनीत क्रियापदामागे एक छोटासा ‘ल’ लागतो, काम पूर्ण झालं हे दाखवायला. सगळ्या मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की हा ल म्हणजे पास्ट टेन्स. बूशीबानमध्येही बऱ्याचदा तसंच शिकवलेलं असतं, सोपं पडतं म्हणून. तो पास्ट टेन्स नाही. दाराची बेल वाजली की आतून चिनी माणूस ओरडतो ‘लाय ल!’ आणि तो अजून सोफ्यावरच असतो. आता सांगा, आपण काय ओरडतो? ‘आले आले!’ आणि आपण अजून गॅस बंद करत असतो. आलेले नसतोच. अजून पुढे जा. ‘उद्या जेवलो की निघतो’ यात जेवलो हे रूप भूतकाळाचं, पण जेवण व्हायचंय उद्या. चिनीत अगदी अस्संच, उद्या जेव-ल मग निघ. म्हणजे दोन्ही भाषांना कधी झालं यापेक्षा झालं का, पुरं झालं का, याची जास्त पडलेली असते, निदान अशा वाक्यांत तरी. हे जेव्हा मी पहिल्यांदा त्या शिनचूच्या मुलीला सांगितलं तेव्हा ती हसायलाच लागली, कारण आतापर्यंत तिला सगळ्यांनी हेच सांगितलेलं की तुमची भाषा वेगळी आहे, तुम्हाला टेन्स नाही, म्हणून तुम्ही चुकता. कुणी असं नव्हतं सांगितलं की बाई ग, तुझं डोकं ठीक आहे, तू झालं-नाही झालंचा हिशोब ठेवतेस आणि इंग्लिशला त्याच्या जोडीला कधीचा हिशोबपण पाहिजे, दोन वह्या घाल.

तेव्हापासून मी टेन्सची प्रॅक्टिस सुट्या वाक्यांवर घेतच नाही. ‘फिल इन द ब्लँक्स विथ द करेक्ट फॉर्म’ची वर्कशीट मला मनापासून आवडत नाही, त्यात मुलं ब्लँकच्या आजूबाजूला यस्टरडे आहे का, सिन्स आहे का एवढंच शोधतात, वाक्य वाचतच नाहीत. त्याऐवजी दहा-बारा ओळींची गोष्ट देते, एकही क्रियापद वाकवलेलं नाही अशी, सगळी मूळ रूपात. आधी नुसतं पेन्सिलने प्रत्येक क्रियापदाखाली दोन गोष्टी लिहायच्या, कधी आणि पुरं झालं का. ते आपल्या भाषेत लिहिलं तरी चालतं. मग रूपं बदलायची. हळू होतं, एका क्लासमध्ये एकच गोष्ट होते, पण ‘हॅड गॉन’ कशासाठी असतं ते कळतं. परफेक्ट टेन्स तर त्यांना आपल्या पोरांपेक्षा लवकर येतो असं माझं निरीक्षण आहे.

आता रीडिंग. इथे माझ्या मते खरी मजा आहे, आणि खरी अडचणही.

एकदा मी आपल्या फेरीबोटींवर उतारा लिहून दिला होता, रायबंदर-चोडण वगैरे. तायवानच्या मुलांना गाडीसकट होडीत चढतात याचं फार कौतुक. त्यात एक वाक्य होतं, ‘द फेरी दॅट कॅरीज द पीपल हू वर्क ऑन द आयलंड लीव्ज ॲट सिक्स.’ शब्द एकही कठीण नाही. प्रश्न होता, सहाला कोण निघतं? तायचुंगच्या एका मुलाने उत्तर दिलं, द पीपल. दुसरीने थेट आयलंडच सहाला रवाना केलं. दोघंही बारावीच्या वयाची आणि दोघांचीही व्होकॅब्युलरी दांडगी, तिकडे ‘सात हजार शब्द’ म्हणून यादी असते ती पाठ केलेली. पण वाक्य हातातून सुटलं.

का सुटलं? कारण चिनीत विशेषण जेवढं लांब असेल तेवढं सगळं नामाच्या आधी येतं. बेटावर काम करणारे लोक, त्यांना नेणारी, फेरी. मग शेवटी नाम. मध्ये ‘द’ नावाचा (इंग्लिशचा नव्हे, चिनीचा स्वतःचा) एक प्रत्ययासारखा तुकडा लागतो आणि तो जिथे लागतो तिथे आपला णारा-णारी बसतो. मराठीत हेच वाक्य लिहून बघा, ‘बेटावर काम करणाऱ्या लोकांना नेणारी फेरी सहाला सुटते.’ चिनीत हाच क्रम, बेट आधी, फेरी नंतर, आणि फेरीच्या लगेच शेजारी सहाला सुटते. म्हणजे कर्ता आणि क्रियापद एकमेकांना खेटून. इंग्लिश काय करतं, फेरी पहिल्यांदाच टाकून देतं, मग तिच्यामागे हे सगळं शेपूट, आणि क्रियापद कुठेतरी लांब, तोपर्यंत वाचणाऱ्याला वाटतं की लीव्जच्या सगळ्यात जवळ जे नाम आहे तेच निघालं. म्हणून बेट निघालं.

ज्याला इंग्लिश जन्मापासून येतं त्याला हे वाक्य सोपं का नाही हेच कळत नाही. तो परत परत हळू आवाजात वाचून दाखवतो. मला कळतं, कारण माझं डोकंपण उलट्या बाजूनेच चालतं. मग मी काय करते, दॅट आणि हूच्या जागी कंस काढायला लावते, बांगड्याचा काटा काढतात तसं मधलं अख्खं अलगद उचलून बाजूला ठेवायचं, आणि जे उरतं ते वाचायचं. द फेरी लीव्ज ॲट सिक्स. बस. मग काढलेलं परत जागेवर. पुढच्या पायरीला मी त्यांना सांगते की हे वाक्य तुझ्या भाषेत मोठ्याने म्हण. त्यांच्या भाषेत मला ते सगळं समजत नाही पण फेरी कुठे आली ते ऐकू येतं, आणि फेरी शेवटाकडे आली तर वाक्य कळलंय. हा माझा चेक आहे, आणि अजून तरी तो फसलेला नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली, पण आली तेव्हा छान वाटलं. चिनी लिपीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. अक्षराला अक्षर लागून, कुठे शब्द संपला ते वाचणाऱ्याने ओळखायचं. म्हणजे ही मुलं लहानपणापासून डोळ्याने वाक्य तोडण्यात तरबेज आहेत. पण इंग्लिशमध्ये आधीच तोडलेलं मिळतं, प्रत्येक शब्द सुटा, आणि मग ती प्रत्येक शब्दावर सारखंच थांबतात, ऑफवर पण तेवढंच आणि आयलंडवर पण तेवढंच. वर प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर बारीक अक्षरात चिनी अर्थ लिहायची सवय. उतारा संपेपर्यंत पान काळं आणि डोक्यात काहीच नाही. त्यांना मी म्हटलं, तुम्ही तुमच्या भाषेत जसं तोडता तसं इथे तोडा, जागा छापलीय म्हणून तिथेच थांबायचं असा कायदा नाही. मग तिरक्या रेघा मारत वाचायचं, द फेरी, रेघ, दॅट कॅरीज द पीपल, रेघ, असं. शब्दाचा अर्थ वर लिहायला बंदी, लिहायचाच तर पॅराग्राफ संपल्यावर समासात एक ओळ. पहिले दोन आठवडे रडारड होते, मग गाडी रुळावर येते.

परीक्षेचं थोडं सांगते, कारण पालक शेवटी त्याचसाठी पैसे देतात. तायवानमध्ये कॉलेज प्रवेशाची मोठी परीक्षा जानेवारीत होते, इंग्लिशचा पेपर शंभर मिनिटांचा, निकाल लेव्हलमध्ये, विषयाला जास्तीत जास्त पंधरा. त्यात क्लोज टेस्ट (उताऱ्यात गाळलेले शब्द भरणं), उताऱ्यातली काढून घेतलेली वाक्यं परत जागेवर बसवणं, कॉम्प्रिहेन्शनचे उतारे, २०२२पासून आलेले मिक्स प्रश्न ज्यात नुसती निवड नाही तर थोडं लिहायचंही असतं, मग चिनीतून इंग्लिशमध्ये दोन वाक्यांचं भाषांतर, आणि किमान १२० शब्दांचा निबंध. चीनच्या गाओकाओमध्येही (तिथली कॉलेज प्रवेशाची परीक्षा) इंग्लिशचे १५० मार्क असतात आणि त्यात एक प्रकार आहे, पाच गाळलेल्या जागा आणि सात वाक्यं, दोन वाक्यं फसवी. चेंगडूची नर्स हे सगळं करून आलेली आहे, तिला ग्रामरचे नियम माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत, अगदी नंबरासकट. तिची अडचण वेगळीच, तिचं उत्तर कुठे चुकतं ते आता सांगते.

कॉम्प्रिहेन्शनमध्ये प्रश्न काढणारे एक डाव नेहमी टाकतात. चुकीच्या पर्यायात उताऱ्यातलेच शब्द जसेच्या तसे उचलून ठेवतात आणि बरोबर पर्याय वेगळ्याच शब्दांत सांगतात. जी मुलं शब्दांच्या यादीवर वाढलीत ती ओळखीचा शब्द दिसला की धावत जाऊन तिथेच टिक करतात. नर्स नेमकी तिथेच फसायची. म्हणून माझा एक खेळ आहे, उतारा झाकायचा आणि फक्त चार पर्याय वाचून सांगायचं यातला कुठला पर्याय स्वतःच्या शब्दांत बोलतोय आणि कुठला पोपट आहे. नेहमी पोपट चुकीचाच असतो असं नाही, पण संशय आधी त्याच्यावर घ्यायचा. आणि दुसरं, ‘इट’ आणि ‘दे’ आणि ‘धिस’ यांच्यापासून बाण काढायचा, तो शब्द कोणाबद्दल बोलतोय तिथपर्यंत. हे मराठी पोरांनाही तेवढंच गरजेचं आहे कारण आपणही कर्ता खुशाल गाळतो. ‘आला का?’ ‘आला.’ ‘दिलंस?’ ‘दिलं.’ कोण आला, काय दिलं, दोघांना माहितीय, बस. चिनीत तर याहून जास्त गाळतात, कारण तिथे क्रियापदावरून तो आला का ती आली तेपण कळत नाही. बोलण्यात तर तो, ती, ते सगळ्यांना एकच ‘था’, लिहिताना वेगळं अक्षर असतं एवढंच. त्यामुळे नर्स तिच्या पेशंट बाईला एकाच वाक्यात दोनदा ‘ही’ आणि एकदा ‘शी’ म्हणते आणि तिला स्वतःला ऐकूच येत नाही. इथे माझं मराठी काही कामाचं नाही, आपण तर टेबललापण ते म्हणतो.

अजून एका ठिकाणी मराठीची मदत होत नाही, उच्चार. मँडरिनमध्ये, म्हणजे ही मुलं बोलतात त्या चिनीत, शब्दाच्या शेवटी न, ङ आणि थोडंफार र सोडलं तर व्यंजन येतच नाही. मग वॉक्ड, वर्क्स, आस्क्ड यांचं शेवटचं टोक गळून पडतं, आधी जिभेवरून आणि मग वहीतून. म्हणजे जी ग्रामरची चूक म्हणून आपण लाल करतो ती बऱ्याचदा कानाची असते. यावर मी मोठ्याने वाचन घेते, फक्त शब्दांची शेपटं जोरात, बाकी हळू. माझी आई स्वयंपाकघरातून ऐकते तेव्हा तिला वाटतं मी कुणाला तरी हाकलतेय, ट् ट् स् स्.

बाकी साम्यं इतकी आहेत की कधी कधी मलाच हसू येतं. ‘ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट’ हे वाक्य तायवानमध्ये रोज लिहिलं जातं, कारण चिनीत दोन्ही लागतात, आणि हेच वाक्य फोंड्यातल्या शाळेतही रोज लिहिलं जातं, कारण जरी म्हटलं की तरी आलंच पाहिजे. ‘आय व्हेरी लाईक’ पण तेच, मला खूप आवडतं. ‘मासे मी खातो, चिकन नाही’ हा क्रम त्यांच्याकडे जसाच्या तसा चालतो. आणि सगळ्यात भारी म्हणजे हो-नाही. ‘डिडन्ट यू ईट?’ असं विचारलं की ती मुलगी म्हणते ‘येस’, म्हणजे हो, नाही जेवले. मी म्हणते बरं, जाऊन जेव. आमचं दोघींचं व्यवस्थित जमतं. आयेल्ट्सच्या एक्झामिनरचं मात्र जमणार नाही, म्हणून ते एक वेगळं घोटून घ्यावं लागतं.

आर्टिकल. यावर लिहायचं टाळत होते कारण यावर वेगळी पोस्ट होईल. चिनीत आर्टिकल नाही, मराठीत नाही, त्यामुळे ‘ए’ आणि ‘द’ दोघांनाही सारखेच छळतात. पण ओळखीचं आणि बिनओळखीचं यातला फरक कुठली भाषा करत नाही? चिनीत ‘ख-रन लाय ल’ म्हटलं तर ज्यांची वाट पाहत होतो ते पाहुणे आले, आणि क्रम फिरवून ‘लाय ख-रन ल’ म्हटलं तर कुणीतरी पाहुणे आले, कोण ते बघ जा. नुसती जागा बदलून काम होतं. आपणही ‘एक बाई आली होती’ म्हणतो आणि मग पुढच्या वाक्यात ‘ती बाई’. इंग्लिशचा ‘ए’ हा मुळात ‘एक’च आहे, जुन्या इंग्लिशमधल्या ‘एक’ या अर्थाच्या शब्दापासून आलेला, आणि ‘द’ हा ‘तो’पासून. हे कळल्यावर निम्म्या चुका जातात, म्हणजे गोष्टीत माणूस पहिल्यांदा आला की एक, परत आला की तो. ते उताऱ्यावरच करून घ्यायचं, सुट्या वाक्यात ए का द हे ठरवताच येत नाही, आधी काय बोलणं झालंय ते माहीत नसताना कोण सांगणार?

उतारे मी स्वतःच लिहिते. बाजारातल्या पुस्तकात थँक्सगिव्हिंगचं टर्की आणि लंडनची बस, यातलं काही ना त्यांनी पाहिलंय ना मी. त्यापेक्षा वादळाची सुट्टी घ्या. तायवानमध्ये टायफून आला की त्या-त्या शहराचं प्रशासन शक्यतो आदल्या रात्रीच जाहीर करतं उद्या शाळा-ऑफिस बंद, आणि सगळी पोरं फोनवर डोळे लावून बसलेली. आपल्याकडे जुलैत रेड अलर्ट आला की व्हॉट्सॲपवर सर्क्युलर खरं की खोटं यावर अर्धी रात्र जाते. हा उतारा प्रत्येक बॅचला हिट. एका मुलीने तिच्या आजीवर लिहून आणलं होतं, आजी घरी तायवानी बोलते आणि तिच्या लहानपणी शाळेत तायवानी बोललं की शिक्षा व्हायची, तिकडे १९४९ ते १९८७ मार्शल लॉ होता आणि शाळेत फक्त मँडरिन. मी तिला सांगितलं की आमच्याकडेही १९८७ फार मोठं साल आहे, गोवा राज्य झालं आणि राजभाषेचा कायदाही त्याच वर्षी, आणि घरात एक, शाळेत एक, ऑफिसात एक अशा भाषा आमच्याही आहेत, कोकणी-मराठीचं भांडण तर तू विचारूच नकोस. तिने विचारलंच. त्या दिवशी ग्रामर राहिलं.

कोणाला गोव्यातून हे काम करायचं असेल तर इन्व्हर्टर घ्या, लाईट जाणार आणि नेमकी क्लासच्या वेळी जाणार. चिनीचं व्याकरण कामापुरतं वाचून घ्या, बोलता नाही आलं तरी चालतं. आणि पालकांना पहिल्याच दिवशी सांगा की ॲक्सेंट माझा गोव्याचाच राहणार, तो पाहिजे असेल तर दुसरीकडे जा. अजून तरी कुणी गेलेलं नाही.

सध्या आमचं ‘द’वरच चाललंय. शिनचूचे एक इंजिनियर काका आहेत, मशीनचे मॅन्युअल सराईतपणे वाचतात पण स्वतः ईमेल लिहिताना ‘द’ कुठेही पेरतात. त्यांनी परवा विचारलं, द तामसुई रिव्हर म्हणायचं पण सन मून लेकला द का नाही? मी म्हटलं आमच्याकडेपण तेच, द मांडवी, पण मये लेक नुसतं. नदीला लागतं, तळ्याला लागत नाही. ते म्हणाले, का? मी म्हटलं, पाठ करा. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि लगेच विचारलं, मग समुद्राला?